आधी मे महिन्याचं पाणी मोजा, मग जूनमध्ये झाडं लावा

आमच्या गावच्या माळावर पहिल्यांदा झाडं लावली तेव्हा हलगी होती, शाळेची पोरं होती, नारळ फुटला, फोटो निघाले. पुढच्या शिमग्याला मी एकटाच तिकडे गेलो. खड्ड्यांच्या रांगा तशाच होत्या आणि खड्ड्याखड्ड्यात एकेक वाळलेली काडी उभी होती. एक काडी धरून हलवली तर रोप मुळासकट हातात आलं. माती झटकली. मुळं पिशवीच्या आकारात गोल गोल गुंडाळलेली होती आणि आठ महिन्यांत एकही मूळ त्या गोळ्याबाहेर पडलं नव्हतं. पिशवी फक्त तळाशी फाडलेली, बाकी काळं प्लास्टिक तसंच. रोपाला जमीन भेटलीच नव्हती.

त्यानंतर आम्ही कामाचा क्रम उलटा केला. किती झाडं लावायची हे जूनमध्ये ठरत नाही, मे महिन्यात माळावर किती पाणी नेता येईल त्यावर ठरतं. खाली लिहिलेलं सगळं सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या, कमी पावसाच्या खटाव-माण भागातल्या मुरमाड माळावर करून पाहिलेलं आहे. सांगली जिल्ह्यात जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, खानापूरकडे परिस्थिती जवळपास अशीच आहे. साताऱ्याच्या पश्चिमेला, जावळी, पाटण, महाबळेश्वरकडच्यांना पाण्याचा त्रास कमी, पण वणव्याचा आणि गवताचा जास्त. त्यांच्यासाठी जिथे वेगळं करायचं तिथे तसं सांगितलं आहे.

पाण्याचा हिशेब

आमच्याकडे पाऊस साधारण ऑक्टोबरच्या मध्याला संपतो आणि पुढचा भरवशाचा पाऊस येईपर्यंत आठ महिने जातात. ऑक्टोबर मध्य ते फेब्रुवारी अखेर हे सुमारे 19 आठवडे. या काळात रोपाला आठवड्यातून एकदा 10 लिटर पाणी पुरतं, म्हणजे 190 लिटर. मार्चपासून जूनच्या मध्यापर्यंत सुमारे 15 आठवडे. तेव्हा आठवड्यातून दोनदा 10 लिटर लागतं, म्हणजे 300 लिटर. एका रोपामागे पहिल्या वर्षी 500 लिटर धरून चाला.

200 झाडं लावली तर 1 लाख लिटर पाणी होतं. ट्रॅक्टरचा टँकर 5000 लिटरचा धरला तर 20 खेपा. आता तुमच्याकडे डिझेलला किती पैसे लागतात, टँकर कुणाचा, विहीर कुणाची आणि ती विहीर एप्रिलमध्ये किती उतरते, हे कागदावर लिहा. विहीरमालकाला आधी विचारा. एप्रिलमध्ये त्याचा ऊस वाळत असताना तो माळाला पाणी देणार नाही आणि त्यात त्याची चूकही नाही. उरमोडी, जिहे-कठापूर, टेंभू, म्हैसाळ या योजनांचं पाणी ज्या ओढ्या-बंधाऱ्यांत सुटतं तिथे आवर्तन, म्हणजे पाणी सोडण्याची पाळी, कधी येतं ते विचारून घ्या आणि मोठ्या खेपा त्याच आठवड्यांत टाका.

हिशेबात 200 बसत नसतील तर 80 लावा. 80 जगली तर पुढच्या वर्षी गाव आपणहून येतं. हजार लावून नऊशे वाळली तर पुढची पाच वर्षं झाडाचं नाव काढलं की लोक तोंड फिरवतात. हे मी दोन गावांत पाहिलंय.

टँकर नसेल तर घरांवर वाटणी करा. एका घराकडे 10 झाडं. फेब्रुवारीपर्यंत आठवड्याला 100 लिटर, म्हणजे सात हंडे, एका सकाळचं काम. मार्चपासून आठवड्याला दोन सकाळी. पण ती झाडं त्या घराच्या किंवा रानाच्या वाटेवरच असली पाहिजेत. वाट वाकडी करून पाणी घालायला माणूस दोन महिने जातो, तिसऱ्या महिन्यात थांबतो.

जागा बघताना

गायरान, ओढ्याचा काठ, शाळेचं आवार, स्मशानभूमी, देवळामागचा माळ, पाझर तलावाच्या भरावाखालची जागा, गावाकडे येणारा रस्ता. यातली पहिली पसंती मी पाझर तलावाखालच्या जागेला देतो, कारण तिथे जानेवारीपर्यंत ओल राहते. स्मशानभूमी दुसरी. तिथे सावली सगळ्यांनाच हवी असते, त्यामुळे झाड तोडायला कुणी धजत नाही.

पावसाळ्यात एकदा आणि मार्चमध्ये एकदा जागा बघा. पहार मारून बघा. दीड-दोन फुटांवर कातळ लागला तर तिथे मोठं झाड होणार नाही. विजेच्या तारांखाली उंच वाढणारं झाड लावू नका, तीन-चार वर्षांत तारांना लागल्यावर ते छाटलं जातं आणि वेडंवाकडं होतं. रस्त्याकडेला लावायचं तर रुंदीकरणाची आखणी कुठपर्यंत आहे ते सार्वजनिक बांधकाम विभागात विचारा.

आणि काही जागा मोकळ्याच राहू द्या. कास पठाराला 2012 साली पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळालं ते तिथल्या सड्यावरच्या फुलांमुळे आणि ती फुलं उघड्या कातळावरच्या बोटभर मातीत येतात. अशा सड्यावर खड्डे घेऊन झाडं लावणं म्हणजे असलेलं जंगल मोडण्यासारखंच आहे. आमच्या माण-खटावच्या गवताळ माळांचंही तेच. त्या गवतावर चंडोल अंडी घालतो, लांडगा-खोकड फिरतात, मेंढरं जगतात. झाड नाही म्हणून माळ ओसाड, ही समजूत काढून टाकायला हवी. बांध, ओढा, वस्ती, रस्ता इथे झाडं लावा आणि चांगला गवताळ माळ तसाच ठेवा.

गावाला विचारणं

ग्रामसभेचा ठराव करून घ्या. 26 जानेवारी किंवा 1 मेच्या सभेत विषय घेतला तर जूनपर्यंत कागद हातात असतो. ठरावात जागेचा गट नंबर, झाडांची संख्या आणि तीन वर्षांच्या राखणीची जबाबदारी कुणाची, हे तीनही लिहा. जागा वन विभागाची असेल तर त्यांच्या परवानगीशिवाय एक खड्डाही घेऊ नका. रोजगार हमीतून वृक्षलागवड आणि संगोपनाची कामं निघतात. त्यात मजुरी बसत असेल तर पंचायत समितीत आधीच प्रस्ताव द्या, कारण पावसाळा सुरू झाल्यावर कागद हलेपर्यंत लावणीचे दिवस निघून जातात.

पैशासाठी यात्रेचा मुहूर्त चांगला. चैत्रात मुंबई-पुण्याचे चाकरमानी गावी येतात, खानापूर-आटपाडीकडे गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यात परमुलखी गेलेली मंडळी येतात. रोपासाठी पैसे मागू नका, रोपं तर स्वस्तात मिळतात. ‘एप्रिल-मेच्या टँकरच्या खेपा तुमच्याकडून’ असं सांगा. आमच्याकडे एका मुंबईकरानं वडिलांच्या वर्षश्राद्धाला पाच खेपा दिल्या, त्या उन्हाळ्यात ओढ्याकडची रांग त्यावरच तगली.

परवानगी घ्यायची राहून जाते ती मेंढपाळांची. दुसऱ्या वर्षी आम्ही माळाच्या एका बाजूला काट्याचं कुंपण घातलं आणि चार दिवसांत ते तीन ठिकाणी मोडलं. मी तावातावानं धनगरवाड्यावर गेलो. तिथले एक म्हातारे बाबा खाटेवरून उठलेही नाहीत. म्हणाले, ‘‘बस की मास्तर. च्या घे. मेंढरं तळ्यावर जायाची वाट तिथनंच हाय, माझ्या आज्यापासनं. तुम्ही काटं लावलं, आम्हाला इचारलं का?’’ आम्ही विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा माळावर आला, त्यानं पायानं रेघ ओढून वाट दाखवली. आम्ही कुंपण वीस फूट आत घेतलं. त्यानंतर ते मोडलं नाही. उलट दुसऱ्या गावचं खांड तिकडून आलं तर तोच हाकलायचा. बदल्यात आम्ही वाटेच्या कडेला बाभळी आणि हिवर लावले, त्यांच्या शेंगा मेंढरांनाच जातात.

कोणती झाडं

महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिलीमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि शंभरेक किलोमीटर पूर्वेला माणमध्ये 500च्या आसपास. एकाच जिल्ह्यात इतका फरक असताना एकच यादी सगळीकडे चालणं शक्य नाही. तुमच्या गावची यादी तुमच्या गावातच आहे. जुने बांध, ओढे, देवराई, देवळामागची जागा फिरा. पन्नास-साठ वर्षांचं जे झाड पाणी न घालता उभं आहे, त्याचं नाव लिहा.

पूर्वेच्या कमी पावसाच्या भागात कडुनिंब, करंज, चिंच, बोर, बाभूळ, हिवर, वड, पिंपळ, आपटा, बहावा, सीताफळ, भोकर, कवठ, काटेसावर, पळस. ओढ्याच्या काठाला करंज, जांभूळ, अर्जुन, उंबर. पश्चिमेकडे हिरडा, बेहडा, जांभूळ, फणस, आंबा, किंजळ, नाणा, तामण, शिवण. जावळीत वडाचे म्हसवे नावाचं गावच आहे, तिथला पसरलेला वड बघून या म्हणजे वडाला किती जागा लागते ते डोळ्यांना कळेल आणि शाळेच्या भिंतीला खेटून वड लावायचा विचार मनातून जाईल.

गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभूळ ही झाडं पटकन वाढतात आणि शेळ्या बहुतेकांना तोंड लावत नाहीत, म्हणून अनेक ठिकाणी दिली जातात. मी घेत नाही. त्यांच्याखाली आपल्याकडची पाखरं, फुलपाखरं फारशी दिसत नाहीत आणि सुबाभूळ तर एकदा पसरली की आवरत नाही.

उसाच्या पट्ट्यात, कऱ्हाड-वाळव्याकडे, बांधाशेजारी कडुनिंब किंवा बाभूळ लावताना शेतकऱ्याशी बोला. वळवाचा पहिला पाऊस झाला की हुमणीचे, म्हणजे मुळं खाणाऱ्या किडीचे, भुंगे संध्याकाळी जमिनीतून निघतात आणि याच झाडांवर पाला खायला बसतात. शेतकरी कुरकुरला तर त्याला कारण आहे. पण तेच झाड कामालाही येतं. त्या आठवडाभर रात्री आठच्या सुमाराला फांद्या हलवायच्या, खाली पडलेले भुंगे गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. हे दोघांनी मिळून केलं तर झाड वाचतं आणि उसालाही फायदा होतो.

दाट लावणीची मियावाकी पद्धत, चौरस मीटरला तीन-चार रोपं, शहरात किंवा शाळेच्या नळाजवळ चांगली चालते. माळावर टँकरच्या भरवशावर ती करू नका. तेवढ्याच पाण्यात मोकळी लावलेली कितीतरी मोठी जागा जगवता येते.

रोपं

सामाजिक वनीकरण आणि वन विभागाच्या रोपवाटिकेत रोपं सवलतीत मिळतात. मार्चमध्येच मागणी नोंदवा, जूनमध्ये गेलात तर गुलमोहर उरलेला असतो. कमी पावसाच्या भागात दीड-दोन वर्षांचं, मोठ्या पिशवीतलं, चार-पाच फुटी रोप घ्या. उंचीपेक्षा खोड बघा. करंगळीएवढं जाड आणि हिरवट-तपकिरी असेल तर चांगलं. सावलीत ताणून वाढलेलं बारीक उंच रोप पहिल्याच वाऱ्यात आडवं होतं. पिशवीच्या तळातून जाड मूळ जमिनीत गेलेलं असेल तर ते रोप घेऊ नका, उचलताना ते मूळ तुटणारच.

रोपं घरी आणून आठ-दहा दिवस उन्हात ठेवा, पाणी हळूहळू कमी करा. टेम्पोतून उघड्यावर आणू नका. वाऱ्यानं पानं करपतात. वर ओलं गोणपाट टाका.

स्वतःची रोपवाटिका करणार असाल तर कडुनिंबाच्या आणि जांभळाच्या बिया गोळा केल्या की लगेच, आठ-पंधरा दिवसांतच टाका, साठवल्या की त्या उगवत नाहीत. चिंचोके रात्रभर भिजवा. बहाव्याच्या बीचं कवच कठीण असतं, दगडावर घासून कोमट पाण्यात ठेवल्याशिवाय ती फुटत नाही. वडाची मनगटाएवढी जाड, पाच-सहा फुटांची फांदी पावसाच्या तोंडाला दीड फूट खोल रोवली तरी लागते. पांगाऱ्याचंही तसंच.

गरजेपेक्षा पाचवा भाग जास्त रोपं आणा. ती लावू नका. कुणाच्या तरी परसात, मोठ्या गोणीत, पुढच्या जूनसाठी वाढवा. मेलेल्या जागी पुढच्या वर्षी तेवढ्याच वयाचं रोप लावता येतं, नाहीतर रांगेत एक झाड डोक्याएवढं आणि शेजारचं गुडघ्याएवढं राहतं आणि शेळीला नेमकं तेच सापडतं.

खड्डे

एप्रिल-मे महिन्यात घ्या. दोन फूट लांब, दोन रुंद, दोन खोल. मुरमात याहून लहान खड्डा म्हणजे कुंडीच. वरची वीतभर माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला टाका. महिनाभर ऊन लागू द्या. यंत्रानं गोल खड्डे घेतले असतील तर त्यांच्या भिंती घोटल्यासारख्या गुळगुळीत होतात, मूळ त्यात शिरत नाही. पहारीनं भिंतींना आठ-दहा ठिकाणी खाचा मारा. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि बहुतेक ठिकाणी केलं जात नाही.

उतार असेल तर खड्डा समपातळी चराच्या, म्हणजे उताराला आडव्या खणलेल्या चराच्या, खालच्या भरावाशी घ्या, म्हणजे चरात मुरलेलं पाणी मुळाकडे येतं. चर नसेल तर खड्ड्याच्या उताराकडच्या बाजूला अर्धचंद्रासारखा मातीचा बांध घाला.

अंतर: वड, पिंपळ 10 ते 12 मीटर. चिंच, जांभूळ, कडुनिंब, करंज 6 ते 8. बहावा, आपटा, सीताफळ 4 ते 5.

भरताना तळाला पालापाचोळा किंवा उसाचं पाचट वीतभर. वर बाजूला काढलेली माती, दोन पाट्या तलावाचा गाळ, एक पाटी शेणखत आणि ओंजळभर निंबोळी पेंड. वाळवीला त्यानं बराच आळा बसतो. शेणखत पूर्ण कुजलेलंच हवं. उकिरड्यातून काढलेल्या कच्च्या शेणात हुमणीची पांढरी, वाकडी अळी असते आणि तीच पुढे रोपाची मुळं खाते. पाटीत हात घालून चाळा, अळ्या दिसल्या तर कोंबड्यांपुढे टाका. भरलेला खड्डा जमिनीपेक्षा थोडा उंच ठेवा, पहिल्या पावसात तो बसतो.

लावणी

5 जूनला पर्यावरण दिन असतो, पण पूर्वेकडच्या तालुक्यांत तेव्हा बहुतेक वर्षी जमीन तापलेलीच असते. त्या दिवशी खड्डे भरा, रोपं वाटा, बियांच्या पिशव्या भरा. लावू नका. मृगाचा एखादा पाऊस पडून पंधरा दिवस उघडीप आली तर रोप तिथेच करपतं. खड्ड्यातली माती दोन वितींपर्यंत ओली झाली आणि मूठभर दाबल्यावर गोळा झाला की लावा. आमच्याकडे जुलै-ऑगस्ट बहुधा रुक्षच जातो आणि खरा पाऊस परतीचा, उत्तरा-हस्ताचा. म्हणून ज्या वर्षी जूनमध्ये ओल झाली नाही त्या वर्षी आम्ही थांबून सप्टेंबरमध्ये लावतो. पश्चिमेकडे उलट, तिथे मुसळधार पाऊस सुरू व्हायच्या आत लावणी उरकली पाहिजे, नाहीतर खड्ड्यात पाणी साचून मुळं कुजतात.

संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी लावा. पिशवी ब्लेडनं उभी कापा, तळाची चकती काढा, पूर्ण प्लास्टिक बाजूला करा आणि पोत्यात गोळा करा. मातीचा गोळा हातावर घ्या, खोड धरून उचलू नका. तळाशी गोल फिरलेली मुळं दिसली तर ती ब्लेडनं कापा. जीव कासावीस होतो, पण कापलेल्या टोकातून नवी मुळं बाहेर फुटतात आणि न कापलेली तशीच फिरत राहतात, जशी मी त्या शिमग्याला हातात धरली होती.

पिशवीत खोड जितकं मातीबाहेर होतं तितकंच बाहेर ठेवा. खोल गाडलेलं खोड सडतं. चारी बाजूंनी माती टाकून पायाच्या टाचेनं हलकं दाबा, आत पोकळी राहू देऊ नका. वाऱ्याच्या बाजूला काठी रोवा आणि जुन्या धोतराच्या चिंध्यांनी इंग्रजी आठच्या आकड्यासारखं सैल बांधा. तार किंवा नायलॉनची दोरी नको, वर्षात ती खोडात रुतते. मग दीड फूट त्रिज्येचं आळं करा आणि पाऊस पडत असला तरी त्याच वेळी 10 लिटर पाणी घाला. त्या पाण्यानं माती मुळाला घट्ट बसते.

शाळेची मुलं असतील तर एका मुलाला एकच रोप, पूर्ण काम त्याच्या हातून. घाईघाईनं पन्नास रोपं लावून पोरांना बसमध्ये बसवण्यात अर्थ नाही.

जनावरांपासून राखण

लोखंडी जाळ्या सुंदर दिसतात, पण महाग असतात आणि चोरीला जातात. बाभळीच्या किंवा बोरीच्या काट्यांच्या फांद्या रोपाभोवती गोल रचून, मध्ये तीन खुंट्या ठोकून बांधल्या तर शेळी तोंड घालत नाही. सहा महिन्यांनी काटे मऊ पडतात, तेव्हा नवीन घाला. रस्त्याकडेला बांबूची जाळी बरी, निदान साडेचार फूट उंच.

सांगली जिल्ह्यातलं सागरेश्वर यासाठी जरूर बघा. धों. म. मोहिते यांच्या पुढाकारातून तिथला उघडा डोंगर झाडांनी भरला आणि 1985 साली ते अभयारण्य जाहीर झालं. चराई थांबली की जमिनीतली जुनी खुंटं आपोआप फुटतात, हे तिथे चालताना समजतं. तुमच्याही माळावर तशी खुंटं असतील. लावलेल्या रोपाइतकीच त्यांची राखण करा, त्यांना पाणीही लागत नाही.

पाणी आणि आच्छादन

पाऊस थांबल्यावर आठवडाभरात आळ्यातलं गवत खुरपून घ्या आणि चार बोटं जाडीचं पाचट अंथरा. पाचट साताऱ्या-सांगलीत जाळून टाकतात, तोडणीच्या हंगामात ट्रॉलीभर फुकट मिळतं. भुईमुगाची टरफलं, बाजरीचं सरमड, वाळलेलं गवत काहीही चालतं. खोडापासून वीतभर जागा मोकळी ठेवा, नाहीतर ओलीवर वाळवी आणि बुरशी येते. आच्छादन असलं तर मार्चमध्ये पाचव्या दिवशी हात खुपसला तरी माती गार लागते. नसलं तर दुसऱ्याच दिवशी भेगा पडतात. मला एकच गोष्ट सांगायची परवानगी असती तर मी आच्छादनाची सांगितली असती.

पाणी सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर. रोज तांब्याभर घालण्यापेक्षा आठवड्यातून एकदा-दोनदा बादलीभर घाला. रोजच्या तांब्यानं मुळं वरच्या वर राहतात आणि एक दिवस चुकला की रोप मान टाकतं. मडक्याच्या बुडाला बारीक भोक पाडून त्यात सुतळीची वात घालायची, ते खोडापासून फूटभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरायचं आणि वर झाकण ठेवायचं. पाच-सहा लिटरचं मडकं चार-पाच दिवस हळूहळू पाझरतं. उडणाऱ्या पाण्याचा हिशेब केला तर टँकरपेक्षा हे कमी पाण्यात भागतं, फक्त मडकी भरायला माणूस लागतो. ठिबक असेल तर महिन्यातून एकदा प्रत्येक ड्रिपर बघा. कचऱ्यानं तुंबलेल्या ड्रिपरखालचं रोप मेल्यावरच लक्षात येतं.

मार्चमध्ये काही रोपांची सगळी पानं गळतात आणि लोक ‘मेलं’ म्हणून पाणी थांबवतात. थांबवू नका. खोडाच्या बुंध्याजवळ अंगठ्याच्या नखानं साल थोडी खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर रोप जिवंत आहे. शेंडा वाळला असला तरी बुंध्यातून ते पुन्हा फुटतं. आमच्या ओढ्याकाठचा एक करंज दोन उन्हाळे असा काडीसारखा उभा होता, तिसऱ्या वर्षी वळवाच्या पावसानंतर त्याला बुडातून तीन कोंब आले. एक ठेवला, दोन काढले. आज त्याच्या सावलीत टँकरवाला थांबतो.

वणवा

जावळी, पाटण, सातारा तालुक्याच्या डोंगरउतारांवर झाडं मरतात ती बहुतांशी फेब्रुवारी ते एप्रिलच्या आगीत. गवत जाळलं की पावसात दाट आणि हिरवं येतं अशी समजूत आहे, काही जण मुद्दाम पेटवतात. काही वेळा विडीचं थोटूक पुरतं. त्यामुळे दिवाळीनंतर, गवताचं बी पडून गेल्यावर, गवत कापून घ्या. ज्यांची जनावरं आहेत त्यांना फुकट नेऊ द्या, तेच राखणदार होतात. लागवडीच्या भोवतीनं डिसेंबर-जानेवारीत तीन-चार मीटर रुंदीची जाळरेषा काढा, म्हणजे तेवढ्या पट्ट्यातलं गवत मुळासकट खरवडून काढा. पेटवून जाळरेषा काढायची असेल तर वन कर्मचारी सोबत असल्याशिवाय आणि वारा पडलेला असल्याशिवाय करू नका. प्रत्येक रोपाच्या आळ्याभोवती मीटरभर जागा स्वच्छ ठेवा. वस्तीवर पाच जणांचे नंबर एका फळीवर लिहून ठेवा आणि ओल्या निरगुडीच्या फांद्या कुठे मिळतील ते पोरांना दाखवून ठेवा. आग विझवायला चढताना उताराच्या वरच्या बाजूनं आगीसमोर जायचं नाही, बाजूनं जायचं. ही गोष्ट मुलांना दहा वेळा सांगा.

मोजणी

दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक झाडाला नंबर, तो शेजारच्या दगडावर ऑइलपेंटनं लिहा. खोडाला खिळा मारू नका. वर्षातून चार वेळा मोजा: दिवाळी, संक्रांत, शिमगा, अक्षय्य तृतीया. जिवंत, मेलं, का मेलं. ‘का’ हा रकाना सर्वांत महत्त्वाचा. शेळी, वाळवी, पाणी, आग, चोरी, माहीत नाही. दोन वर्षांनी तो रकाना वाचला की पुढच्या वर्षीचा खर्च कुठे करायचा ते समजतं. आमच्या वहीत पहिल्या वर्षी सर्वांत जास्त वेळा ‘पाणी’ लिहिलं होतं, दुसऱ्या वर्षी ‘शेळी’. म्हणून तिसऱ्या वर्षी टँकर तेवढेच ठेवले आणि काट्याच्या फांद्या दुप्पट आणल्या. 1 मेच्या ग्रामसभेत आकडा वाचून दाखवा, कमी असला तरी.

दुसरं आणि तिसरं वर्ष

दुसऱ्या जूनमध्ये मेलेल्या जागी परसातली राखीव रोपं लावा, आळी मोठी करा, अर्धी पाटी खत द्या. दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी दहा दिवसांतून एकदा, पण 20 लिटर आणि खोडापासून दोन फूट लांब, म्हणजे मुळं बाहेर धावतात. तिसऱ्या वर्षी फक्त मार्च ते मे, पंधरवड्यातून एकदा. पहिली दोन वर्षं खालच्या फांद्या छाटू नका, त्यांनीच खोड जाड होतं. तिसऱ्या हिवाळ्यात खालच्या तिसऱ्या हिश्श्यातल्या फांद्या काढा, काठी आणि चिंध्या सोडवा. सोडल्यावर झाड वाकतंय का ते आठवडाभर बघा, वाकलं तर अजून एक वर्ष काठी ठेवा.

चौथ्या जूनला जे झाड डोक्याच्या वर गेलंय आणि ज्याची साल शेळीला तोडता येत नाही, त्याच्या भोवतीची बांबूची जाळी काढा. ती फेकू नका. मोडलेल्या कामट्या बदलून घ्या. पुढच्या रांगेचे खड्डे त्याच एप्रिलमध्ये खणून तापायला ठेवलेले असतील, त्यांच्याकडे ती लागणार आहे.